शोमरोनी बाईचा गुन्हा काय होता?

योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायावर आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, जे उपदेश होतात, त्यातल्या बहुतेकांचा सांगाडा एकच असतो. शोमरोन प्रांतातल्या सूखार गावची एक बाई. पाच नवरे झालेले, आता राहते तो लग्नाचा नाही. लोकांच्या नजरा चुकवायला भर दुपारी एकटी पाण्याला आलेली. येशू तिचं पाप उघड करतो, तिला पश्चात्ताप होतो, क्षमा मिळते. मग उपदेशक समोर बसलेल्या बायकांकडे पाहून म्हणतो, असल्या बाईलाही देवाने जवळ केलं, मग तुम्हाला का नाही करणार?

हा अध्याय घरी बसून सावकाश वाचावा. त्यात येशू तिला एकदाही पापी म्हणत नाही. ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असंही म्हणत नाही, कारण तो विषयच निघत नाही. लाजेपोटी ती दुपारी आली, हे तर कुठेच लिहिलेलं नाही. दुपारचा उल्लेख येतो तो प्रवासाने दमून येशू याकोबाच्या विहिरीवर बसला तेव्हा. आणि ती वेळ योहानाने मुद्दाम नोंदवली असेल, तर तिचा अर्थ आदल्या अध्यायात शोधावा लागेल. तिथे निकदेम नावाचा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहूद्यांचा अधिकारी, रात्रीच्या अंधारात येशूला भेटायला येतो. प्रतिष्ठित माणूस रात्री आला. जिचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही ती बाई लख्ख उजेडात बोलली.

राहिले पाच नवरे. मोशेच्या नियमशास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात नवऱ्याने सूटपत्र लिहून बायकोच्या हाती द्यावं आणि तिला घरातून लावून द्यावं, अशी तरतूद आहे. बायकोने नवऱ्याला सूटपत्र द्यायची सोय त्यात नाही. म्हणजे या बाईचे पाच संसार मोडले असतील तर एक तर नवरे मेले, किंवा त्यांनी तिला टाकलं, किंवा काही मेले आणि काहींनी टाकलं. मेलेल्या भावाच्या बायकोशी दिराने लग्न लावायचीही रीत होती. सदूकी, म्हणजे पुनरुत्थान न मानणाऱ्या यहूदी पंथाचे लोक, येशूला कोडं घालतात ते याच रीतीवरून: एकामागून एक सात भावांशी लग्न झालेली बाई पुनरुत्थानात कुणाची बायको होईल? त्या सात नवऱ्यांच्या बाईला आजवर कोणत्या उपदेशकाने बदफैली म्हटलं आहे? कुणीच नाही. मग पाचांची बाई बदफैली कशी ठरली?

आताचा माणूस तिचा नवरा नाही, हे येशूने बोलून दाखवलं, हे खरं. त्यात चूक असेल, लाचारी असेल. पाच वेळा उघड्यावर पडलेली बाई डोक्यावर छप्पर असावं म्हणून कुणाच्या घरात राहते, हे आपल्या गावांना नवीन नाही. येशू ते एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. त्यानंतरचं संभाषण उपासनेवर आहे: शोमरोन्यांचा गरिज्जीम डोंगर की यहूद्यांचं यरुशलेम, मशीहा कोण. येशूने एखाद्या व्यक्तीशी केलेलं इतकं लांब संभाषण शुभवर्तमानांत दुसरं नाही. ‘तो मशीहा मीच’ हे योहानाच्या शुभवर्तमानात तो सगळ्यांत आधी उघड सांगतो ते हिला. शिष्य परत येतात आणि तो बाईशी बोलतोय याचंच त्यांना नवल वाटतं. ती घागर टाकून गावात जाते आणि पुष्कळ शोमरोनी तिच्या साक्षीवरून विश्वास ठेवतात. गावाने जिला वाळीत टाकलं आहे, तिच्या एका शब्दावर गाव घराबाहेर पडतं का?

मी हे इतकं खोलात सांगतो, कारण आपण कृपा या गोष्टीला फार लहान करून टाकलं आहे. बायबलमध्ये दुर्लक्षित, टाकलेल्या, परक्या बायकांवर देवाची कृपा होते तेव्हा बहुतेक ठिकाणी तिथे एक तंटा चालू असतो. एका बाजूला ती बाई असते, दुसऱ्या बाजूला मोठी माणसं: मालकीण, सासरा, याजक, परूशी, शिष्य. देव त्या तंट्यात उतरतो, तिचं म्हणणं ऐकतो आणि निकाल तिच्या बाजूने, चारचौघांत देतो. आपले उपदेश तो तंटा गाळतात. उरते फक्त पापी बाई आणि दयाळू देव. मोठी माणसं गोष्टीतून अलगद बाहेर पडतात, त्यांना कुणी काही विचारत नाही.

मग्दालीया मरीयेचं असंच झालं. तिच्यातून सात भुतं निघाली एवढं लूक सांगतो. ती वेश्या होती असं बायबलमध्ये एकही वाक्य नाही. इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात तिला आणि लूकच्या सातव्या अध्यायातल्या निनावी पापी स्त्रीला एकच ठरवलं, आणि पाश्चात्त्य चर्चने पुढे जवळजवळ चौदाशे वर्षं तेच धरून ठेवलं. १९६९ साली रोमन पंचांगात सुधारणा झाली तेव्हा तो घोळ काढला गेला. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. पुनरुत्थित येशूला सगळ्यांत आधी भेटलेली, ती बातमी शिष्यांकडे घेऊन गेलेली ही बाई. लूक प्रामाणिकपणे लिहितो की शिष्यांना बायकांचं ते बोलणं वायफळ वाटलं. आपल्याकडे नाताळ-ईस्टरच्या नाटकांत तिचे केस अजून मोकळे सोडलेले असतात.

कुणी म्हणेल, लूकच्या सातव्या अध्यायातली बाई तर खरोखरच पापी होती, तिला खरोखरच क्षमा झाली. झाली. पण ती गोष्ट कुणाच्या घरात घडते? शिमोन परूशाच्या. ती येशूच्या पायांशी रडते आहे आणि शिमोन मनात तिची आणि येशूची दोघांचीही किंमत करतो आहे. येशू तिच्याकडे वळतो, पण बोलतो शिमोनाशी: ही बाई तुला दिसते ना? मी तुझ्या घरी आलो, तू पायांवर पाणी घातलं नाहीस, हिने आसवांनी पाय भिजवले. तू चुंबन घेतलं नाहीस, डोक्याला तेल लावलं नाहीस. एकेक करून तो यजमानाच्या उणिवा मोजतो, तेही त्याच्याच पंगतीत. क्षमा तिला मिळाली, झाडाझडती शिमोनाची झाली. उपदेशात आपण पहिला अर्धा भाग ठेवतो.

आणि योहानाच्या आठव्या अध्यायातली, व्यभिचारात धरली म्हणून दगडमारासाठी येशूपुढे आणलेली ती बाई. हा उतारा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. तरीही मंडळीने तो जपला हे बरंच झालं. मोशेच्या नियमशास्त्रात अशा वेळी दोघांनाही शिक्षा सांगितली आहे. ‘धरून’ आणली म्हणतात, मग दुसरा कुठे गेला? त्याला कुणी आणलं नाही, कुणी विचारलं नाही. जमावाला नियम पाळायचा नव्हताच. येशूने तिला दोषी ठरवलं नाही, पण त्याआधी दगड हातात घेतलेल्यांना स्वतःच्या आत बघायला लावलं. थोरल्यांपासून धाकट्यांपर्यंत एकेक जण निघून गेला. थोरले आधी गेले, हे विशेष.

आता हागार. बायबलमधली मला सगळ्यांत जवळची वाटणारी आणि सगळ्यांत अवघड वाटणारी गोष्ट हीच. हागार ही अब्रामाच्या बायकोची, सारायची, मिसरी दासी. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात साराय आणि अब्राम तिच्याविषयी बोलतात, तिच्याशी बोलत नाहीत. ‘माझी दासी’, ‘तुझी दासी’, एवढीच तिची ओळख. सारायला मूल होत नव्हतं म्हणून तिने हागारेला अब्रामाला दिलं; हागारेला मूल हवं की नको हे कुणी विचारलं नाही. पोटुशी राहिल्यावर मालकिणीने जाच केला आणि ती पळाली. शूरच्या वाटेवर रानातल्या झऱ्यापाशी परमेश्वराच्या दूताने तिला गाठलं. बायबलमध्ये परमेश्वराचा दूत प्रथम प्रकट होतो तो या परक्या, पळून आलेल्या दासीसमोर. तो तिचं नाव घेतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? तिच्या संततीविषयीचं वचन थेट तिला मिळतं, अब्रामाकरवी नाही. आणि ती देवाला नाव ठेवते, ‘मला पाहणारा देव’. असं धाडस करणारी ती बायबलमधली पहिली व्यक्ती आहे.

पण दूत तिला असंही सांगतो: मालकिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. हे वचन मारझोड करणाऱ्या नवऱ्याकडे मुलीला परत धाडण्यासाठी वापरलं जातं, हे मी पाहिलं आहे. माहेरची माणसं, मंडळीतली वडीलधारी माणसं, कधी पाळकसुद्धा, ‘देवाने हागारेलाही परत पाठवलं होतं’ असं म्हणतात. या वचनावरून सरळ उडी मारून जाणं मला पटत नाही. ते वाचताना माझं मन आजही अडतं. तरी एवढं निश्चित सांगता येतं की तो नियम नाही. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात नियम आहे आणि तो नेमका उलट आहे: धन्यापासून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नकोस, त्याला आवडेल तिथे तुझ्याजवळ राहू दे, त्याच्यावर जुलूम करू नकोस. एकविसाव्या अध्यायात हागार दुसऱ्यांदा रानात येते, या वेळी भाकर आणि पाण्याची मसक देऊन हाकलून दिलेली. तेव्हा देव तिला परत जायला सांगत नाही. पोरगं झुडपाखाली टाकून, त्याचं मरण बघवत नाही म्हणून ती बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर जाऊन बसते. देव तिचे डोळे उघडतो, समोर विहीर असते. ती पोराला वाढवते आणि मिसरातून त्याला बायको करून आणते. अब्राहामाच्या, म्हणजे त्याच अब्रामाच्या, घराबाहेरही देवाची कृपा पुरून उरली. ज्यांना हागारेचा दाखला द्यायचा आहे त्यांनी दोन्ही अध्याय वाचावेत.

कृपेचा संबंध कायद्याशीही असतो. गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायातल्या पाच बहिणी रविवारच्या शाळेत कुणी शिकवत नाही: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सलाफहादाच्या मुली. बाप वारला, भाऊ नाही, म्हणून वतन जाणार. त्या दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बापाला मुलगा नाही एवढ्यासाठी त्याचं नाव कुळातून का नाहीसं व्हावं? आम्हाला वतन द्या. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे नेला. परमेश्वर म्हणाला, सलाफहादाच्या मुली बरोबर बोलतात. आणि नियम बदलला. पुढे छत्तिसाव्या अध्यायात कुळातल्या पुरुषांच्या तक्रारीवरून त्यांच्या लग्नावर बंधन आलं, तेही खरं. हक्क मिळाला की त्याला कुंपण घालायला लोक येतातच.

भारतातल्या ख्रिस्ती मुलींना याच प्रश्नासाठी किती थांबावं लागलं? त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. केरळच्या मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये तो कायदा तिथल्या ख्रिस्ती मुलींना लागू नाही असा निकाल मिळाला. घटस्फोटाचं तसंच. १८६९ च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. निव्वळ छळ होतो म्हणून ती सुटू शकत नव्हती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. एकशे बत्तीस वर्षं. या काळात किती रविवारी शोमरोनी बाईवर उपदेश झाले असतील? मोशेने बहिणींचा प्रश्न वर नेला तसा हा प्रश्न मंडळ्यांनी एकमुखाने लावून धरायला हवा होता. तो धरला थोड्या हट्टी बायकांनी, त्यांच्या वकिलांनी आणि काही मोजक्या पाळकांनी.

रक्तस्रावाने बारा वर्षं आजारी असलेल्या बाईची गोष्ट आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगावी लागू नये. विटाळ म्हणजे काय, बाजूला बसणं म्हणजे काय, हे मराठी घराला माहीत आहे. लेवीयच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे ती स्वतः अशुद्ध आणि तिला शिवणारा माणूसही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. वैद्यांकडे होतं नव्हतं ते संपलेलं. ती गर्दीत मागून येऊन वस्त्राला शिवते आणि बरी होते. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण येशू थांबतो. सभास्थानाचा अधिकारी याईर शेजारी उभा, त्याची बारा वर्षांची मुलगी मरणपंथाला लागलेली, शिष्य वैतागलेले, आणि येशू विचारतो, मला कोण शिवलं? ती थरथरत पुढे येते आणि सगळी हकिकत सांगते. अधिकाऱ्याला थांबवून एका विटाळशीचं बोलणं पूर्ण ऐकलं गेलं. ‘मुली’ म्हणून हाक मारून, सगळ्यांदेखत. नुसतं शरीर बरं व्हायचं असतं तर ते आधीच झालं होतं. गावात तिला पुन्हा माणसात घ्यायला लोकांच्या कानांवर हे पडणं गरजेचं होतं.

विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन अगदी हलकी नाणी, तर आपण वर्गणीच्या रविवारसाठी राखूनच ठेवल्या आहेत. मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीचं वाक्य वाचा: शास्त्री विधवांची घरं गिळतात. लगेच पुढे एक विधवा उपजीविकेचं सगळं धन मंदिराच्या पेटीत टाकते. त्यानंतर येशू मंदिरातून बाहेर पडतो आणि सांगतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. तिच्या देण्याचं त्याने मोल केलं यात शंका नाही. पण जिच्याजवळ दोनच टोल्या उरल्या आहेत तिच्याकडून त्या घेणाऱ्या व्यवस्थेविषयी तो गप्प बसलेला नाही.

आणि जिथे कृपा दिसतच नाही, त्या गोष्टींचं काय? दावीदाची मुलगी तामार. सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो. ती आधी विनवते, मग अंगावरचा पायघोळ झगा फाडून, डोक्यावर राख घालून आक्रोश करत जाते. राजाला कळतं, तो फार संतापतो, आणि काही करत नाही. तामार अबशालोमाच्या घरी उदास होऊन राहते, एवढंच पुढे तिच्याबद्दल आहे. शास्तेच्या एकोणिसाव्या अध्यायातली लेव्याची उपपत्नी तर याहून भयंकर. तिथे तिच्या मदतीला रात्रभर कुणी येत नाही. मी या गोष्टींना गोड शेवट जोडणार नाही, शास्त्रानेही जोडलेला नाही. मला त्यात एवढं दिसतं की देवाने न्याय करायला ज्यांना नेमलं होतं, ते तिथे होते. दावीद बाप होता आणि राजाही होता. त्याच्या संतापाचा तामारेला काडीचा उपयोग झाला नाही. कृपा माणसांच्या हातून पोचायची असते आणि ते हात आखडले की ती वाटेतच राहते.

ज्यांनी हात आखडले नाहीत त्यांच्यात पंडिता रमाबाई आहेत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे तिथल्या नन्सकडे, राहिल्या. त्या भगिनींचं लंडनमध्ये फुलहॅमला समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी एक घर होतं. ते काम पाहून रमाबाईंनी विचारलं की या बायकांची काळजी घेण्याचं कारण काय. एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. स्वतःच्या साक्षीत रमाबाईंनी तो प्रसंग लिहून ठेवला आहे. पुढे त्यांनी काय केलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे: १८८९ चं शारदासदन, दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि बायका, केडगावचं मुक्ती मिशन, आणि तिथेच, ज्यांना कुठेही थारा नव्हता अशा बायकांसाठी कृपासदन. हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं त्यांचं बायबलचं भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण छापून निघालं. छापखान्यात काम करणाऱ्या त्याच बायका होत्या. रमाबाईंनी शोमरोनी बाईवरून कुणाला शरमिंदं केलं नाही. त्यांनी जागा घेतली, विहिरी खणल्या, बायकांना अक्षर शिकवलं, कामाला लावलं. हेही म्हटलं पाहिजे की त्यांच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी स्वतःच्या घराचं दार उघडलं होतं. देव आपल्या मंडळीची वाट पाहत थांबत नाही.

आपल्यातल्या कितीतरी घरांत आजही विधवा हळदीला मागे उभी राहते, मूल नसलेल्या सुनेसाठी सगळ्यांदेखत अशी प्रार्थना होते की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटावं, नवऱ्याने टाकलेली बाई महिला मंडळाच्या पदासाठी ‘योग्य साक्ष नाही’ म्हणून बाद होते आणि टाकणारा नवरा कमिटीत बसतो. हे बदलायला नवा उपदेश नको, कामकाज बदलायला हवं. घरातल्या हिंसेची तक्रार घेऊन बाई पाळकाकडे आली की समेटाच्या आधी तिच्या सुरक्षिततेची सोय व्हावी आणि पोलीस आणि वकिलाकडे जाण्याचा तिचा हक्क तिला सांगितला जावा. ज्या कमिटीसमोर तिचं प्रकरण येईल तिच्यात निम्म्या तरी बायका असाव्यात. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. आपल्या मिशनच्या शाळा आणि दवाखाने त्यातून सुटलेले नाहीत. या समितीवर कोण आहेत, वर्षात किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं, हे नावं न उघड करता वार्षिक सभेत वाचून दाखवलं जावं, जमाखर्चाच्या आधी.